मोडणाऱ्या पेशीची बाजू

मनुष्यदेहातील ज्या पेशींच्या वाट्याला कर्तृत्वाच्या मानाने फार थोडी कीर्ती आणि पुष्कळशी बदनामी आली, त्यांत हाड पोखरणाऱ्या पेशींची गणना अग्रक्रमाने करावी लागेल. हाड घडविणाऱ्या पेशींचे कौतुक शालेय पुस्तकापासून औषधांच्या जाहिरातींपर्यंत सर्वत्र आढळते. उलट हाड विरघळविणाऱ्या पेशींची आठवण कोणाला होते ती घरातील वृद्ध बाई न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडून बसली आणि डॉक्टरांनी 'हाडे ठिसूळ झाली आहेत' असा निवाडा दिला म्हणजेच. मग या पेशींना आवर घालण्यासाठी जे जे खनिज उपलब्ध असेल, कॅल्शियम म्हणा, स्ट्रॉन्शियम म्हणा, फ्लोराइड म्हणा, की फॉस्फरसची संयुगे म्हणा, ते ते सर्व श्रेयस्कर, अशी समजूत सहजच दृढ होते. या समजुतीत तथ्यांश नाही असे नाही. परंतु खनिज द्रव्यांनी या पेशींवर गेल्या दीड-दोनशे वर्षांत जे परिणाम घडविले त्यांचा इतिहास नीट वाचला, तर हाडाची घनता आणि हाडाचे बळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कोणाही विचारी माणसाच्या ध्यानात यावे. आणि ते ध्यानात न घेतल्यामुळे आपण शहरांत हाडांची नसती मोजदाद करीत बसतो आणि विदर्भ-मराठवाड्यातील काही गावांत हाडांचे खरे दुखणे जेथून येते त्या जागेकडे मात्र पाठ फिरवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पेशीला तिचे शास्त्रीय नाव मिळाले ते १८७३ साली, अल्बर्ट फॉन कोलिकर या स्विस शरीरशास्त्रज्ञाकडून. आज वैद्यकात ती 'ऑस्टिओक्लास्ट' म्हणून परिचित आहे, आपण तिला अस्थिभंजक पेशी म्हणू. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता ती प्रथमदर्शनीच इतरांहून वेगळी उठून दिसते, कारण सामान्य पेशीत एक केंद्रक असते तेथे हिच्यात पाच, दहा, क्वचित त्याहूनही अधिक केंद्रके दाटीने बसलेली असतात. रोगजंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेत ज्या कुळात जन्मतात त्याच कुळातील अनेक पेशी एकमेकींत विलीन होऊन ही एक मोठी पेशी सिद्ध होते. हाडाच्या पृष्ठभागावर ती बसते तेव्हा आपली कड सर्व बाजूंनी घट्ट दाबून धरते, जेणेकरून आतले बाहेर पाझरू नये. हाडाकडील तिचे अंग चुण्याचुण्यांचे होते, आणि त्या बंदिस्त पोकळीत ती आम्ल सोडू लागते. आम्लाने हाडातील खनिज, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा ॲपेटाइट नावाचा स्फटिक, विरघळतो. खनिज निघून गेल्यावर उघड्या पडलेल्या कोलॅजेनच्या तंतूंचा फडशा पाडण्यासाठी तिच्यापाशी कॅथेप्सिन-के नावाचे निराळे विकर तयारच असते. दोन-तीन आठवड्यांत एक उथळ खळगा कोरून ती बाजूला होते, आणि मग त्या खळग्यात हाड घडविणाऱ्या पेशी येऊन नवा थर भरू लागतात. मोडण्याचे काम आठवड्यांत उरकते, भरण्याच्या कामाला मात्र तीन-चार महिने लागतात. वय वाढल्यावर हाडांचा तोटा का होत जातो, याचे निम्मे उत्तर या वेळेच्या तफावतीतच आहे.

मग निसर्गाने हा मोडतोडीचा खटाटोप मांडलाच कशासाठी? एक तर चालण्या-फिरण्याने, ओझी उचलण्याने हाडात सतत सूक्ष्म तडे पडत असतात आणि तडा गेलेला भाग काढून टाकल्यावाचून तेथे नवे हाड भरता येत नाही. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरसाल अशा रीतीने बदलला जातो. दुसरे कारण याहून निकडीचे आहे. देहातील सुमारे एक किलो कॅल्शियमपैकी शंभरातील नव्व्याण्णव भाग हाडात साठविलेला असतो आणि उरलेल्या एका भागातील रक्तात फिरणाऱ्या अल्पशा अंशावर हृदयाचे आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि मज्जातंतूंचे व्यवहार अवलंबून असतात. रक्तातील हे प्रमाण जरा घसरले की मानेतील परावटु ग्रंथी आपला स्राव वाढवतात, तो संदेश हाड घडविणाऱ्या पेशींमार्फत अस्थिभंजक पेशींच्या पूर्वजांपर्यंत जातो, आणि सांगाड्याच्या खजिन्यातून तेवढी रकम उचलून रक्तात भरणा केली जाते. आहारात कॅल्शियम कमी पडले म्हणजे हृदय बंद पडत नाही, हाडे झिजतात. याचे श्रेय किंवा दोष त्या पेशीचाच. आणि या उचलीला आळा घालण्याची तजवीजही खनिजातच आहे. हाड विरघळताना त्या बंदिस्त खळग्यात कॅल्शियमचे प्रमाण रक्ताच्या कित्येक पट चढते, आणि १९८९ च्या सुमारास प्रयोगशाळेत असे दिसून आले की पेशीच्या सभोवती कॅल्शियम एवढे चढले म्हणजे ही पेशी आपली पकड सैल करते, आक्रसते आणि काम थांबवते. जे खनिज तिने मोकळे केले त्याच खनिजाने तिला पुरे म्हणून सांगावे, अशी ही योजना आहे. ज्या पेशीला आपण बेलगाम समजतो तिला इतके बारीक लगाम लावलेले असतात.

ही पेशी अजिबात काम करीनाशी झाली तर काय होते, हेही निसर्गाने दाखवून ठेवले आहे. १९०४ साली हांबुर्ग येथील क्ष-किरणतज्ज्ञ हाइनरिश आल्बर्स-श्योनबेर्ग यांनी एका रुग्णाच्या हाडांचे वर्णन केले. क्ष-किरणाच्या काचेवर ती संगमरवरासारखी पांढरी आणि घट्ट दिसत होती. या विकाराच्या तीव्र प्रकारात मूल जन्मते ते अस्थिभंजक पेशी निकामी असलेले. हाडांची घनता ती मोजणाऱ्या यंत्राला थक्क करील एवढी असते; पण ती हाडे खडूसारखी मोडतात, मज्जेची पोकळी भरून गेल्याने रक्त तयार व्हायला जागा उरत नाही, आणि कवटीतील नसांची छिद्रे आवळली जाऊन दृष्टी जाते. अशा मुलांपैकी काहींना दुसऱ्याची अस्थिमज्जा देऊन बरे करता येते, कारण निकामी पेशींच्या जागी मोडणाऱ्या पेशींची नवी पिढी त्या मज्जेतूनच निपजते. इलाज आहे तो मोडणारी पेशी परत मिळवून देण्याचा, हे घनतेच्या भक्तांनी एकदा शांतपणे ध्यानी घ्यावे.

आता खनिजांच्या इतिहासाकडे वळू. त्याची सुरुवात औषधालयात झाली नाही, आगपेटीच्या कारखान्यात झाली. एकोणिसाव्या शतकात काड्यांच्या टोकाला पांढरा फॉस्फरस लावीत, आणि त्याच्या वाफेत दिवसाचे बारा-बारा तास राबणाऱ्या मजुरांचे, त्यांतही बायका आणि मुलींचे, जबड्याचे हाड कुजू लागे. १८४५ साली व्हिएन्नाच्या लोरिन्सर या वैद्याने या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातील मुलींनी १८८८ मध्ये संप केला तेव्हा दंड आणि अपुरे वेतन यांच्याबरोबर हा जबड्याचा रोगही लोकांच्या चर्चेत आला. १९०६ च्या बर्न येथील करारान्वये पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांना बंदी करण्याचे अनेक राष्ट्रांनी मान्य केले, आणि हिंदुस्थान सरकारनेही १९१३ मध्ये तसा कायदा केला. या गोष्टीला जवळजवळ शतक लोटल्यावर, २००३ मध्ये, अमेरिकेतील मुखशल्यचिकित्सकांना काही कर्करुग्णांच्या जबड्यात हुबेहूब तसेच कुजलेले हाड दिसू लागले, आणि त्या रुग्णांनी घेतलेली औषधेही फॉस्फरसचीच संयुगे होती. मात्र या वेळी ती हाडे वाचविण्यासाठी दिलेली होती.

या औषधांची कुळकथा मनोरंजक आहे. नळात आणि बॉयलरमध्ये क्षार बसू नयेत म्हणून पाण्यात फॉस्फेटची काही संयुगे घालण्याची वहिवाट पूर्वीपासून होती. स्वित्झर्लंडमधील हर्बर्ट फ्लाइश यांना १९६० च्या दशकात असे आढळले की, त्याच जातीचे पायरोफॉस्फेट नावाचे द्रव्य आपल्या रक्तात आणि मूत्रात मुळातच असते आणि नको तेथे चुना साचू देत नाही. परंतु पायरोफॉस्फेट औषध म्हणून दिले तर देहात त्याचे लगेच तुकडे होतात. म्हणून त्याच्या रचनेतील ऑक्सिजनच्या जागी कार्बन घालून सहजासहजी न तुटणारे संयुग घेण्यात आले, तेच बिस्फॉस्फोनेट. ते हाडातील कॅल्शियमला चिकटून बसते, आणि अस्थिभंजक पेशी तेथे येऊन आम्लाने हाड विरघळवू लागली म्हणजे त्या खनिजाबरोबर तिच्या पोटात जाते व तिला निकामी करते. चोर ज्या तिजोरीला हात घालील तिलाच सापळा लावावा, तशी ही युक्ती आहे, आणि ती नामी आहे यात शंका नाही. ज्या वृद्ध स्त्रियांच्या मणक्याचे किंवा खुब्याचे हाड पूर्वी एकदा मोडलेले आहे, त्यांचे दुसरे मोडणे या औषधांनी निश्चितच कमी होते, आणि डॉक्टरांनी सकारण लिहून दिलेली ही औषधे कोणी हा लेख वाचून बंद करू नयेत. पण कर्करोगात ती मोठ्या मात्रेने वारंवार दिली जातात तेव्हा मोडण्याचे काम इतके मंदावते की जबड्यासारख्या सतत दुरुस्ती मागणाऱ्या हाडाला दात काढल्यानंतरची जखमही भरता येत नाही. आणि वर्षानुवर्षे घेतल्यास फार थोड्या रुग्णांत का होईना, मांडीचे हाड विशेष मार न लागता आडवे मोडते. म्हणून काही वर्षांनी औषध थांबवावे की काय याचा विचार करण्याची पद्धत आता पडली आहे. मोडणाऱ्या पेशीला थोडा आवर हवा असतो, तिचा उच्छेद नको असतो, हे वैद्यकाला अनुभवाने शिकावे लागले.

स्ट्रॉन्शियमची हकीकत तुलनेने लहान आहे. कॅल्शियमच्या कुळातलाच हा धातू हाडात त्याच्या जागी सहज शिरतो, आणि प्रयोगशाळेत त्याने मोडणाऱ्या पेशींची निपज कमी केलेली व घडविणाऱ्या पेशींना चालना दिलेली दिसते. २००४ पासून युरोपात त्याचे एक संयुग औषध म्हणून दिले जाऊ लागले. घनता पुष्कळ वाढलेली दिसे. पण स्ट्रॉन्शियमचा अणू कॅल्शियमपेक्षा जड असल्यामुळे क्ष-किरण अधिक शोषतो, तेव्हा त्या वाढीचा जवळजवळ निम्मा भाग हा केवळ यंत्राची फसगत होता. मणक्यांचे मोडणे काही अंशी कमी झाले हे खरे, परंतु हृदयविकाराचा धोका वाढतो असे निष्पन्न होऊन २०१३-१४ मध्ये त्यावर निर्बंध आले, आणि २०१७ मध्ये उत्पादकानेच ते बाजारातून काढून घेतले.

फ्लोराइडचा धडा सर्वांत मोलाचा. ॲपेटाइटच्या स्फटिकात फ्लोराइड शिरले म्हणजे तो स्फटिक आम्लात कमी विरघळतो, त्यामुळे मोडणाऱ्या पेशीचा हात चालेनासा होतो. शिवाय घडविणाऱ्या पेशी फ्लोराइडने उत्तेजित होतात. कागदावर याहून सुंदर औषध ते कोणते! अमेरिकेत रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये लॉरेन्स रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मणके खचलेल्या २०२ वृद्ध स्त्रियांवर चार वर्षे याची कसून परीक्षा केली आणि १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कमरेच्या मणक्यांची घनता शेकडा पस्तीस वाढली. मणके खचण्याचे प्रमाण मात्र लक्षणीय असे कमी झाले नाही, आणि हातापायांची व इतर हाडे मोडण्याचे प्रकार फ्लोराइड घेणाऱ्यांत जवळजवळ तिपटीने अधिक घडले. यंत्र म्हणत होते हाड बळकट झाले, आणि हाड मोडत होते.

अमेरिकेने हा प्रयोग चार वर्षे, वैद्यांच्या देखरेखीखाली आणि रुग्णांच्या संमतीने केला. आपल्याकडे तोच प्रयोग लक्षावधी लोकांवर संमतीवाचून आणि बेमुदत चालू आहे. मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या प्रथम ध्यानात आले की बैल आखडून चालेनासे झाले आहेत. काही वर्षांनी माणसांचीही तीच गत झाली, आणि १९३७ मध्ये शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पाण्यातील फ्लोराइडचा प्रताप असल्याचे दाखवून दिले. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांतील काही गावे या पट्ट्यात येतात. तेथील ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकांत फ्लोराइड असलेली खनिजे आहेत, आणि पाणी त्या खडकात जितके खोल व जितका दीर्घ काळ मुरते तितके ते फ्लोराइड अधिक उतरून घेते. १९७२ च्या दुष्काळाने गावोगाव कूपनलिका खोदण्याचा सपाटा लावला. जालना आणि सोलापूर बनावटीच्या हातपंपांनी त्या काळी तहानलेल्या जनतेवर केलेले उपकार कोणी नाकारू नयेत, आणि उघड्या विहिरीच्या पाण्यातून होणारा नारू व हगवण टळली हेही खरेच. पण उथळ विहिरीचे पाणी सोडून लोक खोल खडकाचे पाणी पिऊ लागले, आणि काही मुलखांत एका रोगाच्या बदली दुसरा रोग आला.

या पाण्याचे एक वैशिष्ट्य सहसा सांगितले जात नाही. कॅल्शियम भरपूर असलेल्या पाण्यात फ्लोराइड फार काळ विरघळून राहत नाही, त्याचा साका होतो. म्हणून फ्लोराइड जास्त असलेले पाणी बहुधा कॅल्शियमने गरीब, चवीला गुळमट आणि मऊ असते. अशा पाण्यात साबणाला फेस येतो आणि तुरीची डाळ चटकन शिजते. घरच्या बाईने जवळच्या दोन पंपांतून नेमका हाच पंप पसंत करावा, यात नवल ते काय! म्हणजे एकीकडून फ्लोराइड वाढते आणि दुसरीकडून पाण्यातून मिळायचे ते थोडेसे कॅल्शियमही बुडते. ताटात दूध-ताक, नाचणी किंवा सुकट असेल तर गोष्ट निराळी. पण ज्या घरात मुलाला चहाच्या पाण्यात भाकरी बुडवून खावी लागते त्या घरात परावटु ग्रंथी चेकाळतात, आणि एकाच सांगाड्यात काही ठिकाणी न मोडणारे, निबर, खडबडीत हाड साचत जाते तर काही ठिकाणी अस्थिभंजक पेशी अहोरात्र कॅल्शियमची वसुली करीत राहतात. मणका बांबूसारखा ताठतो, कोपर सरळ होत नाही, वाढत्या मुलांचे गुडघे एकमेकांवर घासतात. दातांवरचे तपकिरी पट्टे ही तर केवळ पहिली नोटीस. लोणा लागलेल्या भिंतीवर वरून कितीही गिलावा थापला तरी भिंत काही पक्की होत नाही, आणि यवतमाळच्या एखाद्या चाळिशीतल्या शेतमजुराच्या कंबरेची घनता यंत्रावर मोजली तर ती पुण्यातील निरोगी तरुणापेक्षाही सरस भरण्याचा संभव आहे. त्या शेतमजुराला खाली वाकून विळा उचलता येत नाही, ही बाब यंत्राच्या कक्षेबाहेरची.

याच यंत्राच्या एका स्वस्त भावंडाची सध्या शहरांत चलती आहे. मंगल कार्यालयाच्या किंवा सोसायटीच्या सभागृहात 'हाडांची मोफत तपासणी' असा फलक लागतो, माणूस पादत्राण काढून टाच एका पेटीत ठेवतो, मिनिटभरात उणे चिन्हाचा आकडा असलेली चिठ्ठी हातात पडते, आणि शेजारच्या टेबलावर कॅल्शियमच्या डब्या रचलेल्याच असतात. उणे अडीच ही ठिसूळ हाडांची सीमारेषा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरविली ती निराळ्या यंत्रासाठी, गोऱ्या तरुण स्त्रियांच्या घनतेशी तुलना करून, आणि मुख्यतः लोकसमूहांची पाहणी करण्याच्या हेतूने. टाचेच्या पेटीतील आकड्याला ती सरसकट लावणे हा शुद्ध अन्याय आहे. पूर्वी हाड मोडले होते काय, पाणी कोठले पिता, ताटात काय असते, उन्हात किती जाता, चालताना तोल जातो काय, हे पाच प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही आणि वेळही फार लागत नाही. पण त्यांच्या उत्तरांनी डबी खपत नाही. अशा शिबिरांना नोंदणीकृत डॉक्टरच्या लेखी शिफारशीवाचून जागेवर औषध विकण्यास सक्त मनाई करावी, एवढे तरी महानगरपालिकांच्या आरोग्य खात्यांना अशक्य नसावे.

ग्रामीण प्रश्नाला मात्र मनाई करून भागणार नाही, तेथे काहीतरी द्यावे लागेल. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून पाण्यातील फ्लोराइड खाली बसविण्याची सोपी पद्धत नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने कधीच सिद्ध करून दिली. नालगोंडा तंत्र म्हणून ती देशभर ओळखली जाते. तिच्यात खोट नाही, पण ती रोज करावी लागते, तुरटीचे माप पाण्यागणिक बदलते, आणि तळाचा गाळ दूर नेऊन टाकावा लागतो. ज्या घरातील दोन्ही माणसे पहाटे कापूस वेचायला जातात त्या घरात बादलीभर पाण्याचे हे रसायनशास्त्र महिन्याभरापलीकडे चालत नाही, म्हणून सारा भार घरावर टाकणे ही सरकारी कर्तव्याची सोयीस्कर टाळाटाळ होय. जेथे नदीचे वा तलावाचे पाणी नळाने आणता येते तेथे तोच खरा उपाय, आणि ते येईपर्यंत पंपाच्या नळीला धोक्याची खूण म्हणून फासलेल्या लाल रंगावर विसंबून राहणे व्यर्थ आहे, कारण लाल पंप जवळ असला आणि निर्धोक पंप पाऊण मैलावर, तर घागर कोठे भरली जाईल हे सांगायला तज्ज्ञ नको.

याहून सोपी आणि ताबडतोब होण्याजोगी गोष्ट दफ्तरांची आहे. पाण्याचे नमुने भूजल सर्वेक्षण यंत्रणा तपासते. मुलांचे दात शाळेच्या आरोग्य तपासणीत डॉक्टर पाहतात. अंगणवाडीत आणि शाळेत काय शिजते याचा हिशेब आणखी निराळ्या खात्यांकडे असतो. ही तीन दफ्तरे तालुक्याच्या ठिकाणी एका टेबलावर आणावीत, ज्या गावच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर निघाले त्या गावच्या मुलांच्या जेवणात दूध, अंडे किंवा नाचणी यांची जादा मंजुरी एका पत्राने द्यावी, आणि हे पत्र पाठवण्याची जबाबदारी कोणत्याही समितीवर न टाकता नावानिशी एका अधिकाऱ्यावर टाकावी. कॅल्शियम आतड्यातच फ्लोराइडला अडवते आणि परावटु ग्रंथींना शांत ठेवते. खर्च होईल तो एका मुलामागे दिवसाला पेलाभर दुधाचा, आणि तो पडेल जिल्ह्यातील सगळ्या शाळांवर नव्हे, फक्त असे पाणी असलेल्या गावांवर.